नेरकर सरांचे शेवटचे परीक्षण

१

नेरकर सरांचे तेरावे उरकले, आणि त्याच आठवड्यात त्यांनी सोनाली अहिरेवर चोरीचा आरोप केला.

आरोप छापील होता. सुरतेतल्या एका मराठी मंडळाच्या 'तापीपार' या त्रैमासिकात 'नवी पुस्तके' हे सदर प्रभाकर नेरकर अनेक वर्षे लिहीत आले होते. बँकेतून निवृत्त झालेला हा माणूस दर अंकात तीन पुस्तके घेई. एक कवितेचे, एक प्रेमकथेचे आणि एक कल्पित विज्ञानाचे. मंडळाच्या वाचनालयात तशी तीनच कपाटे वापरात होती. रहस्यकथांचे चौथे कपाटही होते. पण ते परीक्षणाच्या पलीकडे गेलेले आहे, असे सरांचे मत होते.

त्या चौथ्या कपाटाच्या एकमेव नियमित वाचक, आणि वाचनालयाच्या प्रमुख, अपर्णा टिपणीस. नव्या अंकातले ते पान त्यांनी टेबलावर उघडे ठेवले होते.

"'सुटा धागा' या संग्रहातल्या कविता मी पूर्वी वाचल्या आहेत," असे सरांच्या नावाखाली छापले होते. "एका अप्रकाशित हस्तलिखितात, दुसऱ्याच कवीच्या हस्ताक्षरात. उचलेगिरी करताना कवयित्रीने मूळ भाषाही बिघडवली आहे. मूळ ओळ 'आई कथा झाली' अशी स्वच्छ आणि हृद्य होती. तिची 'माय कथा गई' अशी मोडतोड करून वर बोलीचा शेंदूर फासला आहे."

अपर्णाबाईंनी हजीऱ्याच्या एका कारखान्यात आयुष्यभर धातू तपासले होते. तडकलेला दांडा किंवा फुटलेली नळी त्यांच्यासमोर आणून ठेवायची आणि त्यांनी तडा कोठून सुरू झाला ते सांगायचे, असे ते काम होते. कोणत्याही विधानावर त्यांचा विश्वास पटकन बसत नसे, आणि अविश्वासही पटकन बसत नसे.

दार ढकलून सोनाली आत आली. पर्वत पाटियाजवळ साड्यांच्या एका गाळ्यात ती घड्या घालण्याचे काम करी. हातातली साड्यांची मोठी पिशवी तिने टेबलावर ठेवली.

"ताई, माझ्या वाट्याच्या प्रती. रविवारी सभेत मंडळानं छापलेला संग्रह मागे घेणार आहात ना? सगळ्या एकदमच घ्या."

"तू ते परीक्षण वाचलंस?"

"नाही. मंडळातल्या पूजानं फोनवर सांगितलं, सर म्हणे चोरीचं बोलून गेले. बस थई गयुं, संपलं. सरांच्या तोंडचं ते मी वाचणार नाही."

"वाचल्याशिवाय उत्तर कसं देशील?"

"उत्तर कोणाला देऊ? ते गेले." ती उभीच होती. "ताई, मी लहान असताना माझी आई सुटे धागे कापलेल्या साड्या मार्केटात द्यायला निघाली ती परत आलीच नाही. धुरपदाबाई नाव. पोलिसांत फोटो दिला, तापीकाठ पाहिला, काही नाही. हे पुस्तक म्हणजे मी तिला शोधत फिरले ते आहे. पुस्तक जाऊ द्या. पण ती माय माझी होती का दुसऱ्या कोणाची, हेसुद्धा आता सभेत ठरणार का?"

अपर्णाबाईंनी पिशवी कपाटात ठेवली नाही, टेबलाखाली सरकवली.

२

मयत साक्षीदाराची अडचण अशी, की त्याची उलटतपासणी होत नाही. त्याचा शब्द अखेरचा म्हणून आपोआप खरा ठरतो.

अपर्णाबाईंनी परीक्षण पुन्हा वाचले. पहिली दोन पुस्तके सरांच्या नेहमीच्या हातची होती. धनश्री सोनवणे यांच्या 'तुझ्या गावचं स्टेशन' या प्रेमकथेबद्दल लिहिले होते: "नायकाचे प्रेम आहे हे नायिकेला पान १४१ वर कळते. वाचकाला ते पान १२ वर कळलेले असते. मधल्या पानांत दोघांनी भरपूर चहा घेतला आहे." ललित बडगुजर यांच्या 'मिठाचं शहर' या कादंबरीबद्दल: "समुद्र सुरतेवर चाल करून येतो (पान ८८), पण भरती-ओहोटीचे वेळापत्रक लेखकाने पाहिलेले नाही. तरीही माणसे निघून गेल्यावर भिंतींवर उरलेल्या क्षाराचे वर्णन (पान २०३) विसरता येत नाही."

सोनालीबद्दलच्या परिच्छेदात एकही पान क्रमांक नव्हता. हस्तलिखित कोणाचे, कोठे पाहिले, कधी, यांपैकी काही नव्हते.

ही उणीव बोलकी होती. पण उणीव म्हणजे पुरावा नव्हे. सर आजारी होते. आजारी माणूस पान क्रमांक विसरू शकतो.

खिडकीपाशी त्यांची खुर्ची रिकामी होती. गेल्या वर्षभरात, म्हणजे सोनालीचे हस्तलिखित वाचल्यापासून, सरांना एक नवी खोड लागली होती. जिन्यात, दारात, रस्त्यावर कोठेही गाठ पडली की भुवया उंचावून ते एकच शब्द विचारत, "कथा?" अपर्णाबाई काखोटीची रहस्यकथा वर करून दाखवत. यावर सर खोकला येईपर्यंत हसत. यात इतके हसण्यासारखे काय आहे, हे त्यांनी कधी सांगितले नाही. रहस्यकथांची थट्टा असणार, असे बाईंनी धरून चालले होते. सरांशी त्यांचे एवढेच बोलणे होई, आणि आता तेही संपले होते.

मजकूर तीन हातांतून गेला होता. सर कागदावर लिहीत. त्यांचा मुलगा मंदार तो संगणकावर उतरवून पाठवी. धनश्री मुद्रिते तपासे. ललित पाने लावी, कारण संपादक तोच होता. तिघेही लिहिणारे होते, आणि सर शेवटच्या वर्षभरात ज्या पुस्तकाबद्दल बोलत होते, ते या तिघांपैकी कोणाचेच नव्हते.

३

मंदारच्या घरात पडदे ओढलेले होते. सरांच्या तसबिरीसमोरचा दिवा विझला होता आणि ते कोणाच्या लक्षात आलेले दिसत नव्हते.

"मूळ कागद?" त्याने चहाचा कप पुढे केला. "अस्थींबरोबर तापीत सोडले. त्यांना आवडलं असतं, असं वाटलं."

"टाइप करताना तुला आश्चर्य नाही वाटलं? सोनालीचं ते इतकं कौतुक करायचे."

"मावशी, बाबांच्या मतांचं आश्चर्य वाटणं मी शाळेत असतानाच सोडलं." तो कोरडे हसला. "आमच्या घरात 'न' आणि 'ण' चुकला की जेवण थांबायचं. आई पुण्याची, तिचा प्रश्न नव्हता. बाबा अमळनेरकडचे, म्हणून त्यांना दुप्पट जपावं लागे. आजी गावाहून आली की तिच्याशी आम्ही कमी बोलावं, अशी व्यवस्था होती. भाषा बिघडते म्हणून."

"तुझ्या कथा ते वाचत?"

"वाचत. 'शुद्धलेखन चांगलं आहे' म्हणत."

हे वाक्य त्याने अनेकदा मनात उगाळलेले असावे, कारण ते बोलताना त्याच्या आवाजात कोठेही खाच पडली नाही.

"शेवटी काही बोलले?"

"मास्क होता. डोळ्यांवर झापड. पण जे बोलले तेही वाङ्मयीनच." त्याने कप उचलले. "माणूस जसा जगतो तसाच जातो, मावशी."

ललित बडगुजर पर्वत पाटियाच्या आपल्या छापखान्यात साड्यांच्या खोक्यांवरची लेबले कापत होता. यंत्र बंद न करताच तो ओरडून बोलला.

"टिपणीसबाई, संपादक वाचत बसला तर अंक निघेल कधी?"

"म्हणजे तुम्ही परीक्षण वाचलंच नाही?"

"वाचलं ना. माझा परिच्छेद वाचला. चार वेळा! भरतीचं वेळापत्रक म्हणे. अहो, समुद्र शहर गिळतोय, तो काय वेळापत्रक बघून येईल?" मग त्याने यंत्र थांबवले. "सोनालीचं मला पूजाकडून कळलं, अंक टपालात पडल्यावर. मी एवढंच बजावलं होतं, की मयत माणसाच्या लेखातला काना-मात्रासुद्धा बदलायचा नाही. तेच आता गळ्याशी आलं. रविवारी सभेत मलाच उभं राहायचंय. पोरीच्या तोंडाकडे बघवणार नाही."

"सर चुकले असतील, असं वाटतं?"

"सर?" ललितला प्रश्नच समजला नाही. "सर कधी चुकायचे?"

अडचण नेमकी हीच होती.

४

धनश्री सोनवणे शाळेतून परतत होती. उधन्याच्या चौकात, सांडलेल्या उसाच्या रसावर घोंगावणाऱ्या माश्यांच्या बाजूला, त्या दोघी उभ्या राहिल्या.

"माझ्यावर संशय घ्यायला आलात ना, बाई? घ्या. चहाचा विनोद मलाही लागला. पण त्याचा सूड सोनालीवर का काढीन?"

"तू मुद्रितं तपासलीस. सोनालीचा परिच्छेद वाचून काहीच वाटलं नाही?"

धनश्रीने पर्सचा पट्टा खांद्यावर सरळ केला. "ओळ खटकली होती."

"कोणती ओळ?"

उत्तर यायच्या आत तिचा फोन वाजला. पलीकडे तिची सासू असावी, आणि ती बाजारात चुकलेली असावी, कारण धनश्रीने आवाज चढवला. "आत्याबाई, कथा शेतस तुम्ही? कथा? ... मंदिरजोडे? तठेच थांबा. मी येस."

फोन पर्समध्ये गेला. अपर्णाबाई मात्र जागेवरून हलल्या नाहीत.

"धनश्री, आता तू काय विचारलंस त्यांना?"

"कुठे आहात, म्हणून विचारलं. आमच्या अहिराणीत 'कथा' म्हणजे कुठे, कुणीकडे." धनश्रीने मान खाली घातली. "तीच ओळ खटकली, बाई. 'माय कथा गई' म्हणजे आई कुठे गेली. त्याची मूळ ओळ 'आई कथा झाली' कशी असेल? मला वाटलं, सर तापात होते. बोलायला हवं होतं. पण सोनालीचं नाव निघालं की सरांचा चेहरा कसा व्हायचा ते मी पाहिलंय. माझ्या एकाही पुस्तकाला तसा चेहरा झाला नाही. म्हटलं, असू दे. मीही माणूसच आहे."

ती सासूला आणायला निघून गेली. अपर्णाबाई माश्यांपाशी उभ्याच राहिल्या.

वर्षभर एक माणूस त्यांना भेटून विचारत होता, "कुठे निघालात?" आणि त्या उत्तरादाखल पुस्तक वर करून दाखवत होत्या.

५

तडा सापडला होता. तो कोणाच्या हातून पडला, हे आता तर्काने सांगता येत होते. पण तर्कालाही प्रयोगाची जोड असावी, अशी बाईंची जुनी सवय होती.

त्यांनी ललितला फोन लावला. तो उचलताच, नाव न सांगता, एकच शब्द विचारला. "कथा?"

"पर्वत पाटियाले चालनू, बाई," ललित लगेच म्हणाला. "पण तुम्ही अहिराणी कधीपासून?"

त्या संध्याकाळी त्या पुन्हा नेरकरांच्या दारात उभ्या राहिल्या. मंदार बाहेर निघण्याच्या बेतात होता. पायांत चपला होत्या, हातात किल्ली होती.

"कथा?" बाईंनी विचारले.

"कुठली कथा?" मंदार म्हणाला.

बाई आत जाऊन बसल्या. "दार लाव. मी सांगते त्यात काही चुकलं तर थांबव. सोनालीवर आरोप करणाऱ्यानं एक मूळ ओळ दिली आहे, 'आई कथा झाली'. ही ओळ कुठल्याही हस्तलिखितात असू शकत नाही. ती सोनालीच्या ओळीचा चुकीचा अर्थ लावून मागाहून रचलेली आहे. 'माय कथा गई'मधल्या 'कथा'चा अर्थ ज्याला गोष्ट असा वाटतो, त्यालाच ती सुचेल. तुझे बाबा अमळनेरचे. ही त्यांच्या आईची भाषा. तापातसुद्धा त्यांची ही चूक झाली नसती."

मंदार दाराला पाठ लावून उभा होता.

"धनश्रीच्या घरात ही भाषा रोज बोलली जाते. ललित ती झोपेतही समजेल. यांच्यापैकी कोणी खोटं रचलं असतं, तर दुसरं काहीतरी रचलं असतं, हे नाही. मजकूर ज्यांच्या हातांतून गेला, त्यांच्यात ही चूक करू शकणारा एकच माणूस आहे. ही भाषा ज्याच्या कानावर पडू नये, अशी घरातच व्यवस्था केलेली होती."

"मग काय अर्थ आहे त्या शब्दाचा?" मंदारने विचारले.

"कुठे. माय कथा गई. आई कुठे गेली."

बाईंनी पूर्वी कारखान्यात चुका कबूल करणारी माणसे पाहिली होती. ती आधी चिडत, मग कारणे देत. मंदारने यातले काही केले नाही. त्याच्या हातातली किल्ली खाली पडली. चेहऱ्यावरचा भाव पकडल्या गेलेल्या माणसाचा नव्हता. तो फार वेगळ्या कशानेतरी हादरलेल्या माणसाचा होता.

"फक्त कुठे?" तो म्हणाला. "दुसरा काही अर्थ नाही? मावशी, नीट आठवून सांगा."

६

रविवारच्या सभेत मंदार स्वतःच उभा राहिला. परीक्षणातला तो परिच्छेद आपण रचला, मूळ परिच्छेद फाडला, हे त्याने शुद्ध आणि पूर्ण वाक्यांत सांगितले. संग्रह कायम ठेवण्याचे आणि पुढच्या अंकाच्या पहिल्या पानावर खुलासा छापण्याचे ठरले. आता त्याच्याशी काय बोलावे हे कोणालाच सुचेना, म्हणून माणसे लवकर पांगली.

सोनाली टेबलाखालून आपली पिशवी ओढून घेत होती.

"मूळ काय लिहिलं होतं?" तिने त्याच्याकडे न बघता विचारले.

"सगळं आठवत नाही. 'जी भाषा मी उंबऱ्याबाहेर ठेवली, ती या मुलीने आत आणून बसवली. हे पुस्तक माझ्या घरात लिहिले जायला हवे होते.'" मंदार थांबला. "त्यांच्या घरात मी होतो."

"म्हणून माझी माय काढून घेतली तुम्ही?"

"हो."

अपर्णाबाईंनी मध्ये तोंड घातले नाही. कपाटांना कुलपे लावण्याचे काम बराच वेळ पुरण्यासारखे होते.

"एक विचारायचं आहे," मंदार म्हणाला. "दवाखान्यात मी त्यांच्या उशाशी होतो. त्यांना दिसत नव्हतं. मास्कमधून एकच सारखं म्हणत होते, 'मंदार... कथा? मंदार कथा?' मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा माझी कथा मागताहेत. मी धावत घरी गेलो, कागद आणले आणि मोठ्यानं वाचून दाखवली. ते थांबेनात. 'मंदार कथा? मंदार कथा?' मी दुसरी वाचली. तिसरी वाचली. शेवटपर्यंत वाचत राहिलो. मला वाटलं, मरतानासुद्धा त्यांना माझी एकही कथा पुरत नाहीये. घरी आलो, तर टेबलावर तुमच्या पुस्तकाचं परीक्षण." त्याने ओठ पुसले. "ते काय विचारत होते?"

सोनाली पिशवीचा बंद हातात घेऊन उभी होती. राग तिच्या चेहऱ्यावरून गेलेला नव्हता, आणि तो जावा अशी अपेक्षाही कोणी करू नये.

"मंदार कुठे आहे, म्हणून विचारत होते," ती म्हणाली.

अपर्णाबाईंच्या मनात एक आक्षेप आला, तो असा: झापडीतल्या माणसाच्या शब्दाला निश्चित अर्थ लावता येत नाही; कदाचित त्यांना खरोखर कथाच हवी असेल. हा आक्षेप शास्त्राला धरून होता. त्यांनी तो उच्चारला नाही.

"मी तिथेच होतो," मंदार म्हणाला. "'इथेच आहे'ला काय म्हणतात?"

सोनालीने पिशवी उचलली.

"आठेच शे," तिने सांगितले आणि ती निघाली. जिन्यात तिच्या पावलांचा आवाज खाली खाली गेला.

खिडकीपाशी नेरकर सरांची खुर्ची होती. मंदार तिच्याकडे तोंड करून उभा राहिला.

"आठेच शे," तो म्हणाला. मग पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, 'ठ'वर जोर देऊन.

उच्चार बरोबर होता की चूक, हे अपर्णाबाईंना कळण्यासारखे नव्हते. आणि ज्या मुलीला ते सांगता आले असते, ती एव्हाना रस्त्याला लागली होती.